चौदा आण्यांचा हापूस आणि बाजाराची घाई

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात दर वर्षी आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत एक बातमी हमखास वाचायला मिळते. एखाद्या गोदामावर छापा पडलेला असतो, कार्बाइडच्या पुड्या घालून पिकवलेले आंबे नष्ट केलेले असतात आणि सोबत पिवळ्याधमक फळांच्या ढिगाचे छायाचित्र असते. कारवाई योग्यच आहे आणि ती अधिक वेळा व्हावी असेच मी म्हणेन. परंतु राजापूर तालुक्यात कातळावरच्या बागेत तीस वर्षांहून अधिक काळ हापूसची कलमे सांभाळणारा एक बागायतदार म्हणून मला हे सांगणे भाग आहे की, त्या गोदामातल्या आंब्याचे जे बिघडायचे ते बहुतेक वेळा गोदामात येण्यापूर्वीच, तो झाडावरून उतरवला त्या सकाळीच बिघडलेले असते. या मूळ बिघाडाविषयी वृत्तपत्रांत फारसे येत नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आमच्याकडे आंब्याची तयारी आण्यांत सांगतात. रुपयाचे सोळा आणे व्यवहारातून जाऊन अनेक दशके लोटली, पण बागेत ती मोजणी अजून चालू आहे. झाडावर पाड लागायच्या, म्हणजे झाडावरच पिकायच्या, बेतात आलेले फळ सोळा आणे, आणि काढणीला योग्य ते चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारसही याच पक्वतेची आहे. चौदा आणे फळ ओळखायचे कसे, हे जाणत्या माणसाला विचारले तर तो देठाकडे बोट दाखवतो. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले असतात आणि देठ किंचित खोलगट जागी बसल्यासारखा दिसतो, सालीचा गर्द हिरवा रंग फिका पडू लागतो, फळ हाताला जड लागते आणि कच्चे असतानाच पाण्यात टाकले तर तळाशी जाते. बारा आणे फळाचे खांदे उतरते असतात आणि ते पाण्यावर तरंगते. दोन्ही फळे आकाराने सारखी असू शकतात. पेटीत शेजारी शेजारी ठेवली, तर शहरातल्या गिऱ्हाइकाला त्यांतला फरक कळणार नाही. तो कळतो आठ दिवसांनी, आणि तोपर्यंत पैसे दिलेले असतात.

फरक पडतो तो आतल्या पिठामुळे. झाडावर वाढत असताना फळ पानांकडून आलेले अन्न पिष्टमय पदार्थाच्या रूपाने साठवत जाते आणि पिकताना त्याच पिठाची साखर होते. देठ तुटला की बाहेरून काहीही मिळत नाही. जेवढे साठले असेल तेवढ्यावरच पुढची सगळी गोडी अवलंबून राहते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत होणारा हा साठा ज्या फळाला मिळालाच नाही, त्याला जगातल्या कोणत्याही खोलीत, पेंढ्यात किंवा वायूत ठेवा, त्याची साल पिवळी होईल, गर मऊ होईल, पण गोडी येणार नाही. गंधाचेही तसेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या गंधाचा बारकाईने अभ्यास केला आहे. कच्च्या फळात कैरीचा वास देणारी टर्पीन गटातील द्रव्ये प्रमुख असतात आणि पिकताना त्यांच्या जोडीला लॅक्टोन आणि फ्युरानोन गटातील द्रव्ये तयार होतात. खोलीत एक हापूस ठेवला तरी घरभर जो दरवळ पसरतो, त्यात या दुसऱ्या गटाचा वाटा मोठा असतो. अकाली काढलेल्या फळात तो दरवळ भरत नाही, हा आम्हा बागायतदारांचा पिढ्यांचा अनुभव आहे.

आता कार्बाइडविषयी. आंबा, केळे, चिकू, पपई ही फळे काढल्यावरही पिकतात, कारण ती स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करतात आणि तोच वायू त्यांच्या पिकण्याला चालना देतो. एकदा पिकणे सुरू झाले की फळाचा श्वसनाचा वेग वाढतो, इथिलीन आणखी सुटते आणि शेजारची फळेही पिकू लागतात. संत्रे, द्राक्ष, डाळिंब, अननस या फळांत असे होत नाही. ती जशी तोडली तशीच राहतात. पूर्वी दिव्यांत जाळल्या जाणाऱ्या वायूतला जो घटक वनस्पतींवर परिणाम करतो तो इथिलीन आहे, हे १९०१ मध्ये नेल्युबोव या रशियन संशोधकाने दाखवले, आणि फळ स्वतःच हा वायू सोडते हे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये गेन यांनी सफरचंदांवरून सिद्ध केले. म्हणजे इथिलीन हे काही कारखान्यातून आंब्यावर लादलेले परके द्रव्य नाही, ते आंब्याच्या अंगचेच आहे. कार्बाइडचे तसे नाही. कॅल्शियम कार्बाइड हा वेल्डिंगच्या कामात वापरला जाणारा दगडासारखा पदार्थ. त्याला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो. हा वायू इथिलीनची नक्कल करतो, पण दुबळी नक्कल. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि ते वायूबरोबर फळापर्यंत पोहोचू शकतात. खाणाऱ्याला तर धोका आहेच, पण बंद खोलीत त्या पुड्या हाताळणाऱ्या मजुरालाही आहे, कारण ॲसिटिलीन ज्वालाग्राही आहे. त्या मजुराचा उल्लेख बातमीत कधीच नसतो.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. अन्न सुरक्षा आणि मानके यांच्या २०११ च्या नियमांनी कार्बाइडच्या वायूने पिकवलेली फळे विकण्यास मनाई केली आहे. त्याआधीच्या अन्नभेसळविरोधी नियमांतही ही मनाई होतीच. पुढे २०१६ मध्ये इथिलीन वायूला परवानगी मिळाली, तीही फळाची जात आणि पक्वता पाहून दहा लाख भागांत जास्तीत जास्त १०० भाग या मर्यादेत. इथेफॉन नावाच्या रसायनापासून इथिलीन वायू तयार करून तो ठरलेल्या पद्धतीने वापरता येतो, पण त्याच्या द्रावणात फळे थेट बुडवणे मान्य नाही. असे असताना आपल्या बातम्यांचे मथळे सरसकट ‘कृत्रिमरीत्या पिकवलेले आंबे’ असे असतात. या एका शब्दप्रयोगात बेकायदा कार्बाइड आणि कायदेशीर इथिलीन एकाच पंक्तीला बसतात. वाचक दोन्हींना विष समजतो, आणि जो बागायतदार किंवा व्यापारी लाखो रुपये खर्चून रीतसर पिकवण केंद्र उभारतो, त्याच्या मालाकडेही संशयाने पाहिले जाते. मग नियम पाळून त्याला मिळाले काय? मथळ्यात ‘कार्बाइडने पिकवलेले’ असे स्पष्ट लिहावे, ही आपल्याला पहिली विनंती.

दुसरा गैरसमज भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांचा. आंबे बादलीत टाका, तरंगले तर कार्बाइडचे आणि बुडाले तर नैसर्गिक, असा संदेश मला दर हंगामात निदान चार-पाच जणांकडून येतो. ही परीक्षा खरी आहे, पण तिचा अर्थ चुकीचा सांगितला जातो. पाण्यातली परीक्षा कच्च्या फळाची तयारी सांगते, ते कशाने पिकवले हे सांगत नाही. बारा आणे आंबा माझ्या बागेत पेंढ्यात पिकवला तरी तो तरंगलेलाच असतो, आणि चौदा आणे आंब्याला कोणी कार्बाइड लावले तर तो बुडालेलाच असेल. पिकताना फळाची घनता थोडी बदलते, म्हणून पिकलेल्या फळाला ही कसोटी लावूच नये. त्या संदेशावर विसंबून एखादे कुटुंब कार्बाइडचा आंबा निर्धास्तपणे मुलांच्या ताटात वाढत असेल, ही कल्पना मला अस्वस्थ करते.

कार्बाइड आणि अपक्व काढणी यांचा संबंध मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, ती चूक इथे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बागेत मोहोर लवकर आला होता आणि बाजारात सुरुवातीच्या पेटीला चांगला भाव होता. आमच्या अडत्याचा सकाळ-संध्याकाळ फोन येई की, आहे तसा माल पाठवा, पाडव्यानंतर हा भाव राहणार नाही. घरात कर्जाचा हप्ता थकला होता. मी कलमांवरची फळे पाहिली, ती बारा आणेच होती हे मला दिसत होते, आणि तरीही चाळीस पेट्या भरल्या. त्याच काढणीतली काही फळे घरी अढीत, म्हणजे पेंढ्याच्या थरांत, पिकायला ठेवली होती. चौथ्या दिवशी कामानिमित्त नवी मुंबईतल्या वाशीला गेलो असता तिथल्या घाऊक बाजारात आमच्याच बागेच्या खुणेची पेटी उघडलेली दिसली आणि तिच्यातली सगळी फळे देठापासून टोकापर्यंत एकसारखी पिवळी होती. घरी आलो तेव्हा अढीतली त्यांची भावंडे अजून हिरवीच होती आणि देठाकडून सुरकुतू लागली होती. वाशीतल्या त्या पेटीत काय घातले गेले हे मला कोणी सांगितले नाही, पण विचारण्याचीही गरज उरली नव्हती. ज्याने कोणी ती पुडी ठेवली तो दोषी आहेच. पण चौदा आणे माल पाठवला असता तर खोलीतल्या साध्या उबेने तो आठवड्याभरात आपोआप पिकला असता आणि पुडीची गरजच पडली नसती. त्या चाळीस पेट्यांचा विचार आजही मनातून जात नाही.

लवकर काढणीमागे केवळ हाव असते असे शहरातल्या वाचकांना वाटू नये म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. अलीकडे मोहोर एकदाच येत नाही. थंडी लांबते, मध्येच पाऊस पडतो, पुन्हा थंडी पडते आणि त्याच झाडाला दोनदा-तीनदा मोहोर येतो. त्यामुळे एका फांदीवर चौदा आणे फळ, तिच्याच शेजारी दहा आणे फळ आणि पलीकडे सुपारीएवढी कैरी असे दृश्य असते. अशा झाडावरून निवडून आंबा काढायचा तर चार-पाच वेळा चढावे लागते, आणि जाणता गडी आता मिळत नाही. बागांत काम करणारी बरीच माणसे नेपाळमधून येतात, कष्टाळू असतात, पण खांदे भरलेले फळ ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो होईपर्यंत हंगाम संपतो. त्यात बाग कराराने दिलेली असेल तर करारदाराला झाडाशी देणेघेणे नसते, तो एका फेरीत झाड मोकळे करतो. आणि भाव? मार्चमधल्या पेटीचा भाव मे महिन्यात निम्म्याहूनही खाली येतो. बाजार लवकरपणाचे पैसे देतो, पक्वतेचे देत नाही. मग बागायतदाराने कोणत्या आधारावर थांबायचे?

थांबणेही फार लांबवता येत नाही, ही हापूसची खास अडचण आहे, आणि ती न सांगता पुढे गेलो तर माझे म्हणणे एकांगी ठरेल. ती अडचण म्हणजे साका. बाहेरून निर्दोष दिसणारा आंबा कापावा आणि आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघावा, हा अनुभव अनेक वाचकांनी घेतला असेल. या विकाराची नोंद चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये केली होती. फळ जितके अधिक जून होईल तितकी साक्याची शक्यता वाढते. कोयीतले बी फळात असतानाच रुजण्याच्या मार्गाला लागते आणि आतल्या गरावर त्याचा परिणाम होतो, असे बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील संशोधकांनी मांडले आहे. दुसरे कारण उष्णतेचे. दापोलीला कात्रोदिया आणि राणे यांनी दाखवून दिले की, तापलेल्या जमिनीतून वर येणारी धग साका वाढवते आणि झाडाखाली गवताचे आच्छादन केले तर तो कमी होतो. आमच्या कातळावर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. त्या कातळाची धग खालच्या फांद्यांवरच्या फळांना थेट लागते. कार्बाइडच्या भीतीने लोकांनी साक्याचेही खापर कार्बाइडवर फोडलेले मी ऐकले आहे, ते बरोबर नाही. साका पिकवण्याने होत नाही. विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ या जातीत साका नाही, पण गिऱ्हाइकाला नाव हापूसचेच हवे असते. तात्पर्य एवढेच की, चौदा आणे ही वेळ दोन्हीकडून अरुंद आहे. आधी काढले तर गोडी नाही, उशीर केला तर साका.

काढणीच्या सकाळचा एकेक तास मोलाचा असतो. ऊन चढण्यापूर्वी काढणी उरकायची, फळ जमिनीवर पडू द्यायचे नाही आणि देठ दोन-तीन सेंटिमीटर तरी फळाला ठेवायचा. देठ मुळातून तुटला तर चीक उसळून सालीवर पसरतो, तिथे काळे डाग पडतात आणि त्याच उघड्या जागेतून देठाकडची कूज सुरू होते. विद्यापीठाने तयार केलेल्या ‘नूतन’ झेल्याला, म्हणजे आंबे उतरवण्याच्या काठीला, कापण्याचे पाते आणि खाली जाळी असते, त्यामुळे फळ देठासकट अलगद उतरते. हे साधन साधे आणि स्वस्त आहे, तरीही काठीला आकडी बांधून आंबा ओढून पाडण्याची पद्धत पुरती गेलेली नाही. करपा हा दुसरा शत्रू. त्याची बुरशी फळ कोवळे असतानाच सालीत शिरून गप्प बसते आणि फळ पिकू लागले की काळ्या ठिपक्यांच्या रूपाने वर येते. काढलेले फळ ५२ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले तर करपा पुष्कळ आटोक्यात येतो. त्यासाठी लागते ती तापमान नेमके राखणारी टाकी, आणि लहान बागायतदाराकडे ती नसते. त्यानंतर ट्रकमध्ये एकावर एक रचलेल्या पेट्या, घाटातली वळणे आणि ताडपत्रीखाली साठलेली उष्णता, हे सगळे ओलांडून फळ वाशीला पोहोचते.

माझी आई अढी घालत असे. माजघराला लागून असलेल्या खोलीत भाताच्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर देठ खाली करून आंब्यांची एक ओळ, त्यावर पुन्हा पेंढा, असे दोन-तीन थर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती रोज अढी उलगडायची, डागी फळ बाजूला काढायची, पुढे गेलेले वेगळे ठेवायची, मागे राहिलेले पुन्हा पेंढ्यात सरकवायची. खोलीत शिरताच वासावरून ती सांगत असे की आज इतके डझन निघतील. पेंढ्याने ऊब धरली जाते, फळांनी सोडलेले इथिलीन त्यांच्याभोवतीच रेंगाळते आणि तरीही हवा खेळती राहते, हे शास्त्र तिला शब्दांत सांगता आले नसते, पण तिच्या हाताला ते ठाऊक होते. अढीबद्दल मला अपार आदर आहे. पण हजारो पेट्यांचा माल अढीत पिकवता येत नाही. जागा नाही, पेंढा नाही, रोज उलगडायला माणसे नाहीत, आणि एका अढीतली फळे आठ ते बारा दिवसांत मागे-पुढे तयार होतात, तेवढे थांबणे घाऊक बाजाराला जमत नाही. मोठ्या मालाला इथिलीनची पिकवण खोली हाच मार्ग आहे आणि अढीचे कौतुक करता करता तिची निंदा करणे मला अन्यायाचे वाटते.

पिकवण खोलीत होते ते असे. तापमान साधारण २० अंश, हवेत ९० टक्क्यांहून अधिक दमटपणा, ठरलेल्या प्रमाणात इथिलीन आणि एक दिवसाची मुदत. फळे श्वास घेत असतात, त्यांचा कार्बन डायऑक्साइड साठला तर पिकणे अडते, म्हणून मधूनमधून खोलीतली हवा बदलतात. वायूने फक्त सुरुवात करून दिलेली असते, पुढचे काम फळ स्वतः करते. तापमान चुकून पस्तिशीच्या वर गेले तर गर मऊ पडतो पण रंग नीट येत नाही आणि आंबूस चव येते. ट्रकच्या मधल्या थरातल्या आंब्याचे हेच होते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने रत्नागिरीला आणि देवगडजवळ जामसंड्याला आंब्यासाठी सुविधा केंद्रे उभारली, ती स्वागतार्ह आहेत. परंतु राजापूर, लांजा, वेंगुर्ले, गुहागर अशा ठिकाणच्या दोनशे कलमांच्या मालकाला तिथवर माल नेऊन, रांगेत थांबून, परत बाजाराला पाठवणे परवडत नाही. तालुक्याला निदान एक लहान खोली आणि तिच्या शेजारी गरम पाण्याची टाकी, एवढे झाले तरी फळ ज्या गावात काढले तिथेच त्याची निगा लागेल. मग कच्चा माल अनोळखी गोदामात जायचे कारणच कमी होईल.

घरी आणलेल्या फळाबद्दलही दोन वाक्ये लिहितो, कारण चांगला आंबा बिघडवण्याचे काम पुष्कळदा शीतकपाटातही होते. कच्चा आंबा १२-१३ अंशांच्या खाली ठेवला तर त्याला थंडी बाधते, साल करडी पडते, वर खळगे येतात आणि बाहेर काढल्यावर तो नीट पिकत नाही. घरच्या कपाटाचे तापमान यापेक्षा पुष्कळ कमी असते. आंबा आधी बाहेर, हवेशीर जागी, पेंढ्यात किंवा कागदात पिकू द्यावा आणि पूर्ण पिकल्यावरच, खाण्याआधी थोडा वेळ थंड करावा.

आता मुख्य मागणी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचे नाव त्याला जोडले गेले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण हे मानांकन आंबा कुठला ते सांगते, तो केव्हा काढला ते सांगत नाही. देवगडच्या बारा आणे आंब्याला मानांकनाचे लेबल लावले म्हणून तो गोड होत नाही, उलट त्या लेबलाचीच पत जाते. पक्वतेची किमान मर्यादा कायद्याने ठरवणे अशक्य नाही. कॅलिफोर्नियात ॲव्होकॅडो हे फळ झाडावर पिकत नाही आणि अकाली काढले तर रबरासारखे राहते, म्हणून तिथे १९२५ मध्येच त्यात किमान आठ टक्के तेल असले पाहिजे असा कायदा झाला. पुढे तेलाऐवजी फळातला पाण्याव्यतिरिक्तचा भाग, म्हणजे शुष्क पदार्थ मोजू लागले आणि हास या जातीसाठी ती मर्यादा २०.८ टक्के ठेवली गेली. ऑस्ट्रेलियात आंब्यातला शुष्क पदार्थ फळ न कापता, हातात मावणाऱ्या प्रकाशमापक उपकरणाने बागेतच मोजतात. आपल्याकडे दापोलीचे विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आहे, हापूसवर अनेक दशकांचे काम झालेले आहे. हापूससाठी शुष्क पदार्थाची किमान मर्यादा किती असावी, हे त्यांनी ठरवून द्यावे आणि पणन विभागाने ती बाजारात लागू करावी.

ते होईपर्यंत पाण्याची बादली आहेच. बाजार समितीच्या आवारात माल उतरताना प्रत्येक बागेच्या एका पेटीतली दहा कच्ची फळे पाण्यात टाकून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्या पेटीतली निम्मी फळे तरंगतील, तिच्यावर ‘अपक्व’ असा शिक्का मारावा आणि ती लोणच्या-पन्ह्याच्या भावाने विकली जावी. हे एका हंगामात झाले तरी पुढच्या हंगामात पाडव्याच्या आधी झेला हातात घेण्यापूर्वी बागायतदार दोनदा विचार करील, कारण लवकरपणाचे बक्षीसच संपलेले असेल. यात माझ्यासारख्या लहान बागायतदारांचे सुरुवातीला नुकसान होईल हे मी जाणतो. त्यासाठी पहिल्या दोन-तीन वर्षांत हंगामापुरते अल्प व्याजाचे कर्ज आणि निवडून काढणीच्या मजुरीला अनुदान मिळाले तर थांबणे शक्य होईल. कर्जाच्या हप्त्यासाठी बारा आणे फळ तोडण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जोडीला पेटीवर तीन गोष्टी छापणे सक्तीचे करावे: काढणीची तारीख, बागेचे गाव आणि पिकवण्याची पद्धत. अढी असेल तर अढी लिहावे, इथिलीन असेल तर इथिलीन. लपवण्यासारखे त्यात काही नाही. औषधाच्या बाटलीवर तारीख पाहणारा ग्राहक आंब्याच्या पेटीवरही पाहू लागेल आणि दुकानदाराला विचारील की, परवा काढलेला आंबा आज इतका पिवळा कसा? तो प्रश्न छाप्यापेक्षा लवकर पोहोचेल असा मला विश्वास आहे, कारण छापा वर्षातून काही गोदामांवर पडतो आणि ग्राहक रोज प्रत्येक दुकानात जातो.

आपल्या दैनिकाकडून एवढीच अपेक्षा आहे की, येत्या हंगामात कार्बाइडच्या छाप्याची बातमी देताना त्या मालाची पक्वता किती होती, तो कोणत्या तारखेला काढला होता आणि कोठून आला होता, हे तीन प्रश्न आपल्या वार्ताहराने अधिकाऱ्यांना अवश्य विचारावेत आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे. आमच्या बागेतून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर गेल्या हंगामापासून काढणीची तारीख हाताने लिहिलेली असते. अडत्याने ती पुसायला सांगितले होते, मी पुसलेली नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक आंबा बागायतदार
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी